गारांनी भरलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी, निळी बर्फपेटी आहे. बिजागरी तुटल्यामुळे माझे झाकण आता दोरीने बांधतात. पण तक्रार नाही. इथिओपियाच्या सिमियन डोंगरात मी वीस वर्षे सुखाने काढली.

कारखान्यातून मी थेट मुलुनेशबाईंकडे आले. छातीवर लाल डाग असलेली जेलाडा माकडे इतक्या उंचावरच्या विरळ हवेत कशी जगतात, आईबापांकडून त्यांच्या रक्तात असे काय उतरते, हे त्या शोधत होत्या. माकडाला थोडी गुंगी देऊन जरासे रक्त घ्यायचे, ते शुद्धीवर आले की कळपात सोडायचे आणि ते रक्त माझ्या पोटात ठेवून खेचरावरून देबार्क गावातल्या शीतकपाटापर्यंत न्यायचे, असे आमचे काम.

एका वर्षी वाटेत दरड कोसळली. माझ्यातल्या बर्फाचे पाणी होऊ लागले. दोन महिन्यांची मेहनत वाया जाणार! त्यातच गारांचा मारा सुरू झाला. आम्ही येशिहारेग नावाच्या शेतकरीणबाईंच्या घरात शिरलो. गारा थांबल्या, तेव्हा त्यांचे जवाचे पीक भुईसपाट झाले होते.

मुलुनेशबाई चाचरत म्हणाल्या, "ताई, थोड्या गारा घेऊ का? रक्त गार ठेवायचंय."

"कुणाचं रक्त?"

"जेलाडांचं."

"वा गं वा! अर्धं पीक त्यांनी खाल्लं, उरलेलं गारांनी झोडपलं. आता माझ्याच शेतातल्या गारा त्यांच्यासाठी?"

मला वाटले, संपले सारे. पण येशिहारेगबाईंनी कोपऱ्यातली टोपली उचलली.

"उभी काय राहिलीस? वितळतायत त्या!"

शेजारच्या बायकाही धावल्या. हात लालबुंद होईपर्यंत त्यांनी गारा वेचल्या, मला काठोकाठ भरले आणि वरून घोंगडी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी वाट मोकळी झाली. रक्त सुखरूप पोचले. त्यातून काही उत्तरे मिळाली. बरीच अजून मिळायची आहेत.

दोन वर्षांनी मुलुनेशबाई छापलेला लेख घेऊन परत त्या घरी गेल्या. मीही सोबत होते.

"ताई, ज्यांचे आभार मानलेत, त्यांत तुमचं नाव आहे."

"माझं? परत वाच बघू."

येशिहारेगबाईंनी ते तीनदा वाचायला लावले. मग डोळे पुसत म्हणाल्या, "त्या माकडांनाही वाचून दाखव. म्हणावं, निदान माझं शेत तरी सोडा!"

मित्रांनो, रक्त टिकवल्याची शाबासकी मला मिळते. खरी ती त्या गारठलेल्या हातांची आहे. तुमचेही एखादे काम असेच कुणीतरी सावरले असेल. त्यांचे नाव विचारून घ्या, आणि ते नीट लिहा.