मेंढरांनी खाल्लेला हार

मित्रांनो, माझा हॉर्न एकदा ऐकलात तर विसरणार नाही, इतका तो घसा बसल्यासारखा वाजतो. मी सेनगाव तालुक्यातली एक जुनी जीप आहे. पूर्वी मी काळी-पिवळी होते. सेनगाव-हिंगोली रस्त्यावर मी माणसं वाहिली, कोंबड्या वाहिल्या, वरातीतले रुसलेले मामासुद्धा वाहिले. पाय ठेवायला जागा नसली तरी माझा ड्रायव्हर हनुमान ओरडायचा, “या, या, गाडी रिकामीच हाय!” काय रुबाब होता माझा! पुढे नव्या गाड्या आल्या आणि मी बाभळीखाली जाऊन पडले. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. फार वाईट वाटायचं.

नशीब पालटलं ते एका संस्थेमुळे. दवाखाना लांब आणि हातावर पोट, म्हणून आमच्याकडची गरीब माणसं दुखणी अंगावर काढत. संस्थेनं सांगितलं, “फिरत्या दवाखान्याच्या गाडीला पैसा आम्ही देऊ, पण ती कुठं न्यायची हे गावानं आणि दवाखान्यानं मिळून ठरवायचं.” मग समिती झाली. मोठे शेतकरी तातेराव तिचे अध्यक्ष, आणि धावपळीला गावची आशा कार्यकर्ती शालूबाई. मला पांढरा रंग मिळाला, नवे टायर मिळाले आणि माझा हनुमानही परत मिळाला. मी आरशात स्वतःलाच बघत राहायचे.

पण पहिल्याच महिन्यात आमचं हसं झालं. दर मंगळवारी दवाखान्यातल्या नर्सबाईंना आणि औषधांना घेऊन मी मेंढपाळांच्या वस्तीवर जायचे, तर तिथं घरांना कुलपं आणि भुंकायला एक कुत्रं. “त्यायला गरजच न्हाई,” असं म्हणून समिती मोकळी झाली. शालूबाईला ते पटेना. तिनं लिंबाजी मेंढपाळाला बैठकीत आणून बसवलं.

“गरज लई हाय,” लिंबाजी म्हणाला. “पण हरभरा निघाला की आमी घरी कुठं असतो? ज्याच्या वावरात खतासाठी मेंढरं बसली, तिथंच आमचा मुक्काम. माझी सून रागिणी पोटुशी हाय, तीबी संगंच.”

तातेरावांनी कपाळावर हात मारला. मेंढरं आपल्या वावरात आधी बसावीत म्हणून दरवर्षी भांडणारे तेच तर होते! त्या दिवशी ठरलं, की ज्याच्या वावरात कळप बसेल त्यानं शालूबाईला फोन करायचा. तेव्हापासून मंगळवारी मी थेट वावरात जाऊ लागले. रागिणीची तपासणी सुरू झाली. मेंढ्यांचा वास मला मुळीच आवडत नसे, पण विचारतो कोण!

मग संस्थेचे पाहुणे काम बघायला यायचे ठरले. पुढचा पैसा द्यायचा की नाही, हे त्यानंतर ठरणार होतं. मला चकाचक धुतलं, झेंडूचा भलामोठा हार घातला, बाजूंना केळीची पानं बांधली. मी नवरीसारखी मांडवात उभी राहिले. तेवढ्यात शालूबाईचा फोन वाजला. वैजनाथ शेतकऱ्याच्या वावरात कळप बसला होता आणि तिथं रागिणीला कळा सुरू झाल्या होत्या. रुग्णवाहिका दुसरीकडे गेलेली होती.

तातेराव घुटमळले. “पाहुणे येऊनच राहिले बाई. जीप दिसली न्हाई तर पुढचं सगळं बंद पडंल.”

“भाऊ, जीप काय दाखवायला ठेवली का?” शालूबाईनं विचारलं. तातेराव बाह्या सारत हनुमानला म्हणाले, “काढ गाडी!” मी नेमकी सुरू होईना. इस्त्रीच्या कपड्यांतल्या अख्ख्या समितीनं मला धक्का मारला, तेव्हा कुठे मी खोकत निघाले.

वावरात रागिणीला धरून आणेपर्यंत मेंढरांनी मला घेरलं आणि माझा साज फस्त केला. मी काय करणार? रागिणी सासूचा हात घट्ट धरून कण्हत होती. मला तर माझ्या इंजिनचीच धास्ती वाटत होती. पण त्या दिवशी मी एकदाही बंद पडले नाही. दवाखान्यात पोहोचल्यावर थोड्याच वेळात रागिणीला मुलगी झाली. दोघीही सुखरूप होत्या. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

मांडव रिकामा बघून पाहुणे विचारत विचारत दवाखान्यातच आले. मी धुळीनं माखलेली, बंपरला नुसता दोरा लोंबत होता. पाहुण्या बाईंनी विचारलं, “हार घातला होता का हिला?”

“व्हय बाई,” रागिणीची सासू सत्यभामाबाई म्हणाली, “आमच्या मेंढरांनी खाल्ला.”

बाई खो-खो हसल्या. मग बाळाला बघून आल्या आणि माझ्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाल्या, “ही गाडी बंद पडू द्यायची नाही.” तातेरावांचे डोळे भरून आले.

मित्रांनो, तुमच्या गावातही सगळ्यांच्या कामाची अशी एखादी गाडी असेल. तिचं तेलपाणी वेळेवर करा, आणि ती कुठं पोहोचत नाही तेही विचारत जा. नुसतं सजवून उभं करू नका. हौस असेल तर हार मात्र खुशाल घाला. वावरात त्याची वाट बघणारे पुष्कळ आहेत.