ध्रुपदाची जागा

नवनीत आराखडे काढायचा, पण घरांचे नव्हे, सॉफ्टवेअरचे. सुरतेच्या एका कंपनीत तो आर्किटेक्ट होता आणि काम करायचा प्रकाश्याच्या आपल्या घरी, झोपाळ्यावर बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन. शेजारच्यांना वाटे, पाटलांचा पोरगा दिवसभर झोके घेतो आणि त्याचाच पगार खातो.

या कार्तिकात मात्र त्याच्या मांडीवर कंपनीचं काम नव्हतं, वडिलांचं होतं.

रतिलालनाना तापीकाठचे कीर्तनकार. सप्ताह संपायचा तो नानांच्याच काल्याच्या कीर्तनाने, गावाने दुसरं काही पाहिलंच नव्हतं. पण उन्हाळ्यात नानांना अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, जीभ वळू लागली. गळ्यातली पदांची चाल तर जागची हलली नव्हती. निसटायचे ते शब्द. एक कडवं झालं की पुढचं कुठलं, तेच सापडेना. मृदंग वाजवणारे बन्सीलालकाका चाचरत विचारायला आले.

"नाना, यंदा दुसरा महाराजले सांगू का? तुम्ही नुस्ता बठी ऱ्हा."

"बठी ऱ्हायाले मी काय पाव्हना शे? कीर्तन मीच करसू."

काका गेले आणि नवनीतकडे वळताना नानांचा आवाज खाली आला. "भाऊ, मी मधमाच इसरी गऊ तं? लोके काही म्हनावत नही. पन मंग पुढला साली माले कोनी उभं करावं नही."

"शब्द मी तुमना समोर ठेवस, नाना. मोठला अक्षरमा. तुम्ही पायखाले बटन दाबा, पुढलं कडवं येई."

बोलून गेला खरा, पण हे वेबवर करावं की डेस्कटॉपवर, इथेच तो अडकला. वेबवर केलं तर कुठल्याही मोबाइलवर उघडतं, दुरुस्ती घरबसल्या होते. पण काल्याला घाटावर जमलेला जो तो व्हिडिओ पाठवत असतो, तेव्हा नेट हूं की चूं करत नाही. संगणकातच राहणारा प्रोग्राम नेटवाचून चालतो. मात्र हल्लीच्या काही साधनांत एवढ्याशा खिडकीसाठी अख्खा ब्राउझर आत कोंबावा लागतो, तांब्याभर पाण्याला टँकर बोलवावा तसा. शेवटी त्याने पडदा वेबच्या रीतीने रंगवला आणि बाकी सगळं लॅपटॉपमध्येच राहील असं हलकं साधन निवडलं.

कोड लिहिला तो नव्या एआय मदतनिसाने. साध्या शब्दांत सांगायचं, तो लिहून देतो. ज्याला पूर्वी आठवडा गेला असता ते काजलचा चहा उकळेपर्यंत तयार. बायकोच्या हातून कप घेताना नवनीतला आनंदही झाला आणि चुकल्यासारखंही वाटलं. देवापुढचा नैवेद्य बाहेरून मागवल्यासारखं. नानांची वस्तू, आणि तिला आपला हात पुरता लागलाच नाही.

काल्याला म्हणायचं पद नानांचं स्वतःचं होतं. त्याचं ध्रुपद असं:

तापीमाय, तुझ्या काठी
नाम राहो माझ्या ओठी

पद भरताना मदतनिसाने विचारलं, या ओळी प्रत्येक कडव्यानंतर पुन्हा येतात, एकदाच ठेवू का? नवनीतने हो म्हटलं. एक गोष्ट दोनदा लिहायची नाही, हे तर तो कंपनीतल्या नव्या पोरांना शिकवत आला होता.

डॉक्टरांनी गळा जपायला सांगितलेला, म्हणून घरी नानांनी पद फक्त डोळ्यांनी वाचलं. "मस्त दिसी ऱ्हायनं," म्हणाले आणि बटण दाबून हरखले.

काल्याच्या सकाळी घाटावरच्या देवळाचा मंडप भरला. नाना उभे राहिले, गळ्यात उपरणं, समोर तिवईवर लॅपटॉप. सुरुवातीचं ध्रुपद झालं, पहिलं कडवं झालं. आवाज जुनाच, थोडा कापरा, म्हणून जास्तच गोड. नानांनी बटण दाबलं.

पडद्यावर दुसरं कडवं आलं. ध्रुपद नाहीच.

नाना थबकले. गळा ध्रुपदाकडे वळलेला आणि डोळ्यांसमोर भलतेच शब्द. टाळकरी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, बन्सीलालकाकांचा हात मृदंगावर अधांतरी. नानांचे ओठ हलले, शब्द येईना. आपण काय पुसलं, ते नवनीतला त्या क्षणी कळलं.

तेवढ्यात बायकांमधून एक बारीक आवाज निघाला. "तापीमाय, तुझ्या काठी..." नवनीतची आई, निर्मलाबाई. आयुष्यभर कीर्तनात पुढे बसलेल्या, पण कधी एकटीने सूर न काढलेल्या. आवाज थरथरत होता. बन्सीलालकाकांनी थाप टाकली, टाळ उठले आणि मंडपाने ध्रुपद उचललं. नानांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. मग त्यांचाही आवाज त्यात मिसळला.

पुढे ते कडवं पडद्यावरून घेत आणि ध्रुपद आलं की मान उचलून तिच्याकडे बघत. पद पूर्ण झालं. दहीहंडी फुटली, काल्याला हात पसरले गेले.

घरी आल्या आल्या नवनीत लॅपटॉप घेऊन बसला. "नाना, चूक मन्ही. ध्रुपद मी उडाई टाकं. आते लगेच भरस."

"भरू नको." नाना झोपाळ्यावर टेकले. "तठे तुन्ही माय शे."

"काय बी!" निर्मलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "म्हातारपनमा लाज नही. बठ्ठा गाव मन्हाकडे देखी ऱ्हायंता."

"तू कसाले गायनी मंग?"

"तुम्ही गप उभा ऱ्हायनात म्हनीसन!"

काजल पदराआड हसली. नवनीतने थोडा विचार केला आणि मदतनिसाला न सांगता, स्वतःच्या हाताने, प्रत्येक कडव्यानंतर एकेक कोरं पान घातलं.

नानांनी बटण दाबून पाहिलं. कडवं आलं, मग नुसता पांढरा पडदा. त्यांनी डोळे उचलले. दारात निर्मलाबाई ओले हात पुसत उभ्या होत्या.

"देखतस काय?" त्या म्हणाल्या, आणि गुणगुणायला लागल्या.