शेपटाचा हार

"नाकाले हार घाला, आनि शेपटानी काय पाप करं?" सुपडूने विचारलं.

"आरं, शेपटाला कोण हार घालतं?" मेकॅनिक अभिमन हसला. दसऱ्याची सकाळ होती. धुळ्याबाहेरच्या धावपट्टीवर कपाशी फवारणारं छोटं विमान उभं होतं. त्याच्या पुढच्या पंख्याला झेंडूचा हार घातला, नारळ फुटला, प्रसाद वाटला. मग वैमानिक तांबेसाहेबांनी हार उतरवून ठेवला, कारण पंखा फिरणार होता.

सुपडू मूळचा साक्रीकडचा गाडीवान. बैलजोडी विकल्यावर इथं हरकाम्या म्हणून लागला. औषधाची पिंपं उचलायची, राखण करायची. आधी त्याला विमान म्हणजे भुताटकीच वाटायची. ती भीती तांबेसाहेबांनीच घालवली. पुण्याचा माणूस, पण पिंपावर बसून तासभर गप्पा मारायचा.

"विमान उचलतात ते पंख, सुपडूभाऊ. पण नुसत्या पंखांच्या भरवशावर राहिलं तर ते कोलांटी खाईल. त्याला तोलून धरतं शेपूट. मागची ही हलती फळी वर केली की नाक वर, खाली केली की नाक खाली."

"म्हंजे गाडी उलाळ बी नको नि धुरजड बी नको!"

"अगदी बरोबर!" साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली होती. गाडीत मागे वजन झालं की ती उलाळ होऊन जू वर उचलतं, पुढे झालं की धुरजड होऊन बैलांची मान मोडते. हे सुपडूला कुणी शिकवायला नको होतं. तेव्हापासून तो रोज शेपूट फडक्याने पुसायचा. बिचारं सगळ्यांना सांभाळतं आणि मान मात्र नाकाला, याचं त्याला खरोखर वाईट वाटायचं.

म्हणूनच त्याने बायकोकडून, ताईबाईकडून, एक हार ओवून आणला होता. वाऱ्याने तुटायला नको म्हणून साध्या दोऱ्यात नाही, चांगल्या सुतळीत.

साहेबांनी आत बसून फळी खालीवर हलवून पाहिली. अभिमन पुढे चाकाची अडण काढायला गेला. मागे कुणी नव्हतं. पंखा फिरतो म्हणून हार काढतात, शेपूट कुठं फिरतं? असा विचार करून सुपडूने शेपटाला हार घट्ट बांधला आणि हात जोडले.

विमान धावलं, उचललं. सुपडू कौतुकाने पाहत राहिला. नाक एवढं उंच, म्हणजे आज साहेब भलतेच रंगात दिसतायत, असंही त्याला वाटलं. पण नाक वर गेलं ते वरच चाललं.

"उलाळ व्हयनी! सायेब, उलाळ व्हयनी!" तो ऊर फुटेस्तोवर ओरडला.

विमान क्षणभर हवेत अडकल्यासारखं थांबलं. मग एका पंखावर कलंडलं आणि पट्टीपलीकडच्या कपाशीत कोसळलं.

साहेब जिवंत निघाले. दोन्ही पायांकडे मात्र बघवत नव्हतं. "नाक खाली येईना रे, अभिमन," एवढंच ते बोलले आणि शुद्ध हरपली. जीप त्यांना घेऊन दवाखान्याकडे सुटली.

अभिमन शेपटाशी गेला. हलत्या फळीच्या फटीत सुतळी ओढली जाऊन तिचा गोळा झाला होता. फळी वर जाऊन तिथंच अडकली होती. त्याने ती सुतळी अडकलेल्या फुलांसकट उपसून मुकाट्याने खिशात कोंबली. सुपडूने ती लांबूनच ओळखली.

तोवर पोलीस आले. कंपनीचे मॅनेजर त्यांना सांगत होते, "वैमानिकाचीच चूक. नाक फार उचललं. सरळ दिसतंय."

अभिमनने सुपडूचा दंड दाबला. "गप राह्य. तुले पोरंबाळं शेतस."

सुपडूने हात सोडवला. "लपाडू नको, भाऊ. सायेबनं नाव खराब व्हई." मग तो पोलिसांपुढे जाऊन उभा राहिला. "चूक सायेबनी नही. अभिमनभाऊना खिसामा हार शे ना, तो मना शे. मीच बांधेल शे."

पोलिसांनी अभिमनपुढे हात केला. खिसा रिकामा करताना अभिमनच्या हातून दोन-चार झेंडू खाली पडले.

जबाब लिहून घेऊन, उद्या पुन्हा ये, असं बजावून पोलिसांनी सुपडूला संध्याकाळी सोडलं. गल्लीत लोक एकमेकांना सोनं देत होते. कुणी त्याच्याही हातावर आपट्याची पानं ठेवली. त्याची मूठ मिटली नाही. पानं तिथंच खाली पडली.

ताईबाई आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. तिला अजून काहीच कळलं नव्हतं.

"सायेबले आवडना का हार?" तिने हसून विचारलं.

चौकटीवर झेंडूचं तोरण होतं, त्याच सुतळीत ओवलेलं. सुपडूने वर पाहिलं. मग घराला वळसा घालून तो मागच्या दाराने आत गेला.