ओवेनडर्राचे अकरा मैल

शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत, पद्मजाच्या खालच्या मजल्यावर मिसेस गॅरिटी राहायच्या. वय ऐंशी, माहेर आयर्लंड, दोन्ही डोळे गेलेले. १९८४ च्या हिवाळ्यापासून पद्मजा रोज दुपारी दोन तास त्यांच्या सोबतीला जाऊ लागली. काम म्हणजे चहा करायचा आणि नदी ऐकायची.

नदीचं नाव ओवेनडर्रा. लांबी जेमतेम अकरा मैल. आपल्याकडे हिला ओढ्याच्या वर कुणी किंमत दिली नसती. पण म्हातारीचा तोरा असा, की गंगेनंही जरा सरकून बसावं. उगम दलदलीतला, म्हणून पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. खाली चुनखडीचा माळ लागला की बाईसाहेब रुसून जमिनीत गडप व्हायच्या आणि अर्ध्या मैलावर एका मेंढपाळाच्या परसात पुन्हा उगवायच्या. मग तीन कमानींचा पूल, पडकी गिरणी, सामन माशांच्या उड्या आणि शेवटी समुद्राचं खारं पाणी. आटणं हिला माहीतच नव्हतं, कारण तिकडे पाऊस पाहुण्यासारखा येत नाही, घरजावयासारखा मुक्कामालाच असतो.

गिरीश बायकोची टर उडवायचा. "अगं, जॉब करतेस की जॉग्रफीचा कोर्स घेतलायस?"

पण वसंतात म्हातारीची आठवण उसवायला लागली. आधी नातवंडांची नावं गेली, मग साल गेलं. नदी तेवढी शाबूत होती, आणि एका दुपारी तीही गिरणीपाशी अडली. पुढचं काही केल्या आठवेना. मिसेस गॅरिटी लहान मुलीसारख्या रडल्या आणि म्हणाल्या, "तू पाठ कर. जशी आहे तशी. मी चुकले तर हात धरून ने."

पद्मजाने शब्द दिला. तेव्हापासून ती सांगायची आणि म्हातारी मान डोलवत ऐकायची. वळण न् वळण तोंडपाठ झालं.

नोव्हेंबरात घोटाळा झाला. त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पद्मजा नेहमीसारखी पुलापर्यंत आली आणि सांगून गेली, की इथे बायका पायऱ्या उतरून येतात, द्रोणात वात लावून पाण्यात सोडतात, आणि सगळे दिवे वळणापर्यंत जातात.

म्हातारीचा चेहरा पांढरा पडला. "दिवे होते?" तिने विचारलं. "देवा, मी दिवेसुद्धा विसरले?"

हो म्हणून वेळ मारून नेणं सोपं होतं. पद्मजाला तो मोह झालाही. पण या बाईजवळ आता एवढीच एक वस्तू उरली होती आणि तिच्यातच आपण भेसळ केली, याची तिला मनापासून लाज वाटली. तिने सांगून टाकलं, की दिवे तिच्या साताऱ्याकडच्या गावातले, चूक तिची.

म्हातारीचा जीव भांड्यात पडला. मग तिने हुकूम सोडला, आता तुझी नदी उगमापासून सांग.

पद्मजाने सुरुवात केली ती घाटापासून. उगम तिला ठाऊक नव्हता. नदी पुढे कुणाला मिळते, तेही नाही. गावात सगळे नुसतं नदी म्हणायचे, नावसुद्धा तिने कधी विचारलं नव्हतं. घाटापासून डोहापर्यंतचे दोन फर्लांग, तेवढीच तिची नदी. तिने ते ओशाळून कबूल केलं.

"यात तुझा दोष नाही," म्हातारी म्हणाली. "निघायच्या आठवड्यात मी एकटी उगमापासून समुद्रापर्यंत चालत गेले. सतरा वर्षांची होते. परत येणार नाही हे मला माहीत होतं. तुला तसं कुणी सांगितलं नसेल."

"आम्ही दोन वर्षांसाठी आलो होतो," पद्मजा म्हणाली. या डिसेंबरात तेरा पुरी होतील, हे सांगायला लागली तसं तिला रडू फुटलं.