बटणांचा शेजार

शिंप्याची मुलगी अंगानं इतकी बारीक, की सगळे तिला टाचणीच म्हणत. आता तिला नातवंडं झालीत, पण दुकानातली चौकोनांची फरशी पुसताना तिचा हात अजून मधेच थांबतो.

दादा कॉलेजात गणित शिकत होता तेव्हाची गोष्ट. एका दुपारी त्यानं बटणांचा डबाच फरशीवर पालथा केला.

"हे बघ, प्रत्येक चौकोनाभोवती आठ चौकोन. त्यांत दोन किंवा तीन बटणं असली तर मधलं बटण जगतं. कमी असली तर एकटेपणानं मरतं, जास्त झाली तर गर्दीनं. आणि रिकाम्या चौकोनाभोवती नेमकी तीन असली, की तिथं नवं जन्मतं. सगळं एकदम बदलायचं."

त्यानं ओळीत तीन मांडली. टोकाची दोन मेली, मधल्याच्या वरखाली दोन जन्मली. आडवी ओळ उभी झाली! पुन्हा केलं, तर परत आडवी. टाचणीनं टाळ्याच पिटल्या.

"गिऱ्हाइकाच्या कोटाची बटणं आहेत ती!" बाबा मशीनवरून खेकसले. पण थोड्या वेळानं तेच उठून उकिडवे बसले. "पाच ठेवली तर?"

ओळीत पाच ठेवली. नक्षी फुगली, मधून पोकळ झाली, आणि शेवटी चार बाजूंना तीन-तीनच्या चार ओळी झोका घ्यायला लागल्या. बाबा खो खो हसले. कोट त्या दिवशी तसाच राहिला.

पुढे दादा नोकरीला लांब गेला. बाबांनी कोपऱ्यात तीन बटणं मांडून ठेवली. येता-जाता ती फिरवायचे. फोनवर बापलेकांचं बोलणं तेवढंच.

"आज आडवी आहेत."

"मग आता उभी करा, बाबा."

बाबा गेले तेव्हा दादा आला. दुकानात बसून म्हणाला, "माझ्याशी दुसरं काही बोललेच नाहीत गं कधी."

टाचणीला त्या दुःखातही हसू फुटलं. "तुझा फोन ठेवला की दिवसभर गुणगुणायचे. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, आमचा मुलगा बटणांत जीव घालतो! माझे तर कान किटले होते."

दादानं नाक पुसलं. मग म्हणाला, "आणखी काय सांगायचे?"

तिनं स्टूल पुढे ओढलं. एवढ्या वर्षांचं साठलेलं होतं, कुठून सुरुवात करावी तेच तिला कळेना.