लतिकावहिनींची गुटी

"बघ, डोक्यावरून पाणी घेतलं तरी हूं नाही की चूं नाही," आई म्हणाल्या. "श्रीरंग असा ओरडायचा, की खालचे सरदारजी वर धावत यायचे."

बाथरूममध्ये पाटावर बसून त्यांनी पाय पसरले होते आणि त्यांच्या नडग्यांवर माझी सलोनी पालथी पडली होती. मी टॉवेल घेऊन दारात उभी होते. एवढं कढत पाणी, पण तिची पाठ काही लाल होत नव्हती.

"आई, ही जरा जास्तच शांत नाही का?"

"अगं, गुणी आहे! आई असून तूच नजर लावू नकोस."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. दिल्लीच्या मयूर विहारमधल्या मराठी बिऱ्हाडांत त्यांना लतिकावहिनी म्हणत. सासरे केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून होते. ते गेले, मुलं मोठी झाली, या सगळ्यात आईंचं नाव कुठे आलं नाही. फक्त कुणाच्या घरी बाळ आलं की बोलावणं यायचं, "वहिनी, गुटी तुमच्याच हातची हवी." मग त्या सहाण घेऊन निघायच्या. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, खारीक, बदाम. कशाचे किती वळसे घ्यायचे हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही, आणि त्यांचं काम कुणी तपासलं नाही.

श्रीरंगला रंगीत टीव्ही बनवणाऱ्या नव्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही नोएडात फ्लॅट घेतला. समोर अर्ध्या बांधलेल्या इमारती, त्यांच्यामागे मोहरीचं शेत. आई आल्या त्या सहाण जुन्या लुगड्यात गुंडाळूनच.

सलोनी तीन महिन्यांची झाली तरी हसत नव्हती. दूध पिता पिता झोपायची. जीभ सदा थोडी बाहेर, पाय गार, बेंबी फुगलेली. आईंनी बेंबीवर रुपया ठेवून पट्टी बांधली होती. खालच्या मिसेस भाटियांचा नातू तिच्याच वयाचा होता आणि किल्ल्यांचा जुडगा वाजवला की खिदळायचा. मी तोच जुडगा मागून आणला आणि सलोनीसमोर वाजवत बसले. तिनं बघितलं नाही.

"यार संपदा," श्रीरंग म्हणाला, "लोक तरसतात अशा बाळासाठी. तू आहेस की रडत नाही म्हणून रडतेस!"

"तू सुट्टी घे. मला तिला दाखवायचंय."

"कशासाठी दाखवायचं? काय सांगणार डॉक्टरला, शांत आहे म्हणून?"

"हो. तेच सांगणार."

डॉक्टरीणबाईंनी सलोनीच्या टाळूवर अंगठा ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही. "पैदा हुई तब पीलिया देर तक रहा था?" त्यांनी विचारलं. कावीळ राहिली होती. "कब्ज़?" बद्धकोष्ठता तर होतीच. "थायरॉइड की जाँच करवाइए. आज ही."

माझ्या समजुतीत थायरॉइड हे वय झालेल्या बायकांचं दुखणं. माझ्या एका मावशीचा गळा सुजलेला असायचा, तेवढंच मला माहीत. रक्त काढताना सलोनी रडली, पण घोगरी, थकलेल्या म्हाताऱ्या माणसासारखी.

रिपोर्ट आला. तिच्या गळ्यातली ती छोटीशी ग्रंथी जवळजवळ कामच करत नव्हती. पहिल्या महिन्यांत मेंदू वाढतो, त्याला ह्याच ग्रंथीच्या रसाची गरज असते, डॉक्टरीणबाई सांगत होत्या. रोज एक गोळी, आयुष्यभर. "पहले आ जातीं तो अच्छा था. अब एक दिन मत छोड़िएगा."

आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ऐकत होत्या. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाल्या, "मीच म्हणत राहिले ना गुणी, गुणी." मग जरा थांबून, "गोळी मी देणार. रोज. माझ्या हातनं चुकायचं नाही."

मला बरंच वाटलं. दुसऱ्या दिवसापासून त्या पहाटे न्हाऊन, धुतलेलं पातळ नेसून देव्हाऱ्यासमोर बसायच्या. सहाणेवर माझ्या दुधाचे चार थेंब, त्यात ती गोळी उगाळायची, बोटानं निपटून सलोनीच्या ओठांना लावायची. मी दारातून बघायची.

महिन्यानं पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला.

"जितना सुधार होना चाहिए था, उतना नहीं हुआ. दवा रोज़ दे रहे हैं?"

"मैं खुद देती हूँ," आई पुढे सरकून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अभिमान होता. "पत्थर पे घिसके, माँ के दूध में. हमारे में छोटे बच्चे को ऐसाच देते हैं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "और जो पत्थर पर लगा रह जाता है?"

"वो तो… धो देती हूँ."

"माताजी, आधी गोली तो आपका पत्थर खा गया."

आईंचा हात पदराशी गेला आणि तिथंच राहिला. मी म्हणाले, "मैं भी रोज़ देखती थी, डॉक्टर साहब. मुझे भी नहीं सूझा." ते खरंच होतं. पण आईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

रिक्षात त्या नेहमी सलोनीला स्वतःच्या मांडीवर घेत. त्या दिवशी त्यांनी तिला माझ्याकडे दिलं आणि हात मांडीत घेऊन बसल्या. बोलले असते तर वाईटच बोलले असते. सगळा रस्ता माझ्या डोक्यात एकच होतं, एक महिना. तिच्या मेंदूचा एक महिना त्या दगडावरून धुऊन गेला. नोएडा मोडवर धूळ उडाली तेव्हा आईंनी पुढे होऊन पदरानं सलोनीचं तोंड झाकलं आणि हात पुन्हा मागे घेतला.

सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर आई न्हाऊन ओट्यापाशी उभ्या होत्या. समोर दोन चमचे आणि गोळी.

"ये. आजपासून तूच दे," त्या म्हणाल्या.

माझा हात पुढे झालाही होता. सोपं होतं ते. सलोनी त्यांच्या कडेवर होती, त्यांच्या खांद्यावर गाल टेकून.

"तुम्हीच द्या, आई," मी म्हटलं. हे म्हणणं मला किती जड गेलं, ते त्यांना कळलं असणार.

त्यांनी गोळी एका चमच्यात ठेवली, दुसऱ्यानं दाबून तिचं पीठ केलं. दुधाचे थेंब घातले, सलोनीला पाजले. मग त्याच चमच्यात पुन्हा थोडं दूध, ढवळून तेही पाजलं. मग आणखी एकदा. नंतर दोन्ही चमचे घेऊन त्या खिडकीशी आल्या आणि उजेडात माझ्यासमोर धरले.

"बघ. राहिलं नाही ना काही?"

मी विचारलं नव्हतं. मला म्हणायचं होतं, दाखवू नका हो. पण त्यांचा हात तसाच पुढे होता. मी चमचे घेतले, आतून, बाहेरून नीट पाहिले.

"नाही, आई. काही नाही राहिलं."

त्यानंतर त्या रोज दाखवायच्या. सलोनी शाळेत जायला लागली, इतरांपेक्षा एक वर्ष उशिरा. स्वतःची गोळी पाण्याबरोबर स्वतः गिळायला लागली. तरी तिचा रिकामा पेला उचलून आई माझ्यासमोर धरायच्या, आणि मी हातातलं काम बाजूला ठेवून तो बघायची.