बाबलीकाकाचं शुद्ध मराठी

दिवाळीच्या गर्दीत जेटीवरून पहिली होडी कुणाची सुटायची, यावर मालवणचे होडीवाले दोन वर्षं एकमेकांच्या आयामायांचा उद्धार करत होते. यंदा पत्त्यांवर ठरलं. तीन पत्ती, पैशांऐवजी काजूच्या बिया. शेवटी सगळ्या बिया ज्याच्याकडे, त्याची पाळी पहिली. मागच्यांनी उरलेसुरले पर्यटक उचलायचे.

दुपार कलली तेव्हा जाळी ठेवायच्या मांगरात दोघंच खेळत होते, देवेश आणि बाबलीकाका. सगळ्यांत आधी हरलेला अजय पानं वाटत होता.

बाबलीकाका म्हणजे चिकटपणाचा कळस. पानं बघायची, टाकायची. बघायची, टाकायची. एक बी पुढे सरकवताना दात उपटल्यासारखं तोंड करायचा. असा माणूस चाल वाढवतो तेव्हा शहाण्याने गप पानं टाकून पॅक करावं, एवढं देवेशला कळत होतं.

आणि आता त्याने ओंजळभर बिया पुढे लोटल्या.

"मी वाढवत आहे. तुम्ही तुमचा निर्णय घ्या."

अजय फसकन हसला. "काकानू, रेडिओ गिळल्यात काय?"

देवेशला हसू आलं नाही. हातात दोन एक्के होते. हा आवाज त्याने एकदाच ऐकला होता, बंदराचा साहेब होड्या तपासायला आला तेव्हा. "सर्व प्रवाशांसाठी लाइफ जॅकेट उपलब्ध आहेत, साहेब." साहेबाने काकाची जॅकेटांची पेटी उघडलीसुद्धा नाही. देवेशची मात्र उघडली, दोन जॅकेटं कमी निघाली आणि आठवडाभर होडी बांधून ठेवायला लावली. तेव्हापासून त्याच्या डोक्यात खिळा बसला होता: म्हातारा थापा मारताना शुद्ध बोलतो.

पॅक केलं तर अर्ध्या बिया हातात राहत होत्या. शो मागायचा तर सगळ्या आत.

"काका, माझ्याकडे बघा जरा."

"कशासाठी? पत्ते माझ्या हातात आहेत."

पुन्हा शुद्ध! देवेशने बियांचा ढीग ढकलला. "शो!"

काकाने पानं उलटली. राजा, राणी, गुलाम. एका ओळीत.

"आवशीक खाव!" देवेश ओरडला. "मगे त्या भटासारख्या कित्याक बोललात?"

काका पंच्याने मान पुसत होता. "अरे झिला, माका भय वाटला काय जीभ अशीच वळता. सायेब असो, नायतर राजा-राणी."

दुसऱ्या दिवशी काकाची होडी पहिली लागली. मागे देवेशची. काकाने पेटी उघडली, तसा देवेश मान लांब करून बघायला लागला. एकेका पर्यटकाच्या अंगावर नारिंगी जॅकेट चढलं. जुनी, पण धुतलेली. सगळ्यांना पुरली, वर उरलीसुद्धा.

"झिला," काकाने हाक मारली, "दोन शिल्लक आसत. व्हयी काय?"

देवेशच्या पेटीत अजून दोन कमीच होती. जेटीवर चार माणसं ऐकत होती.

"नको," तो म्हणाला. "आमच्याकडे सर्व उपलब्ध आहेत."